घरच्या स्टुडिओसाठी कॉम्प्रेसर: घ्यावा का, कोणता, आणि लावायचा कसा?

मंद्रमध्यतार

नमस्कार मंडळी. बरेच महिने नुसतं वाचत होतो, आज पहिल्यांदा धागा काढतोय, चुकलं तर सांभाळून घ्या.

नाशिकला जेल रोडला राहतो, बेडरूममध्येच छोटा सेटअप केलाय. दोन इनपुटचा इंटरफेस (माईक काँप्युटरला जोडणारा डबा), एक कार्डिऑइड (मुख्यतः समोरचं ऐकणारा) कंडेन्सर माईक, रीपर (रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर) आणि बरे हेडफोन. माझी आत्या अभंग गाते, वय ६७, पेटी स्वतःच वाजवते, पेटीवर हात असल्याशिवाय तिला सूर लावताच येत नाही. त्र्यंबकच्या पौष वारीच्या आधी तिचे पाच अभंग नीट रेकॉर्ड करून दिंडीतल्या लोकांना द्यायचे असं ठरवलंय. अडचण अशी की मंद्रात ती इतकी मऊ गाते की शब्द पुसट होतात आणि तारात गेली की इंटरफेसचा लाल दिवा लागतो. मागच्या रविवारी एका अभंगात शेवटच्या चरणाला तिने जी हाक दिली ती ऐकून माझ्या अंगावर काटा आला आणि नंतर बघतो तर नेमकी तीच ओळ फाटलेली. तिला परत गायला सांगितलं, गायली, पण ते काही परत आलं नाही. दोन दिवस झोप लागली नाही मला.

प्लगिन कॉम्प्रेसर, म्हणजे मोठा आवाज आपोआप दाबून चढउतार कमी करणारं सॉफ्टवेअर, लावून बघितला. आवाज चेपल्यासारखा होतो आणि ती श्वास घ्यायला थांबली की पेटी एकदम पुढे येते. म्हणून २५ हजार बाजूला काढलेत, हार्डवेअर कॉम्प्रेसर घ्यायचा विचार आहे. कोणता घेऊ?

द्राक्षबाग

मी निफाडचा, धाग्याचं नाव बघून कोल्ड स्टोअरेजच्या कॉम्प्रेसरचं काहीतरी असेल म्हणून धावत आलो 😀 आमच्याकडे प्री-कूलिंगचं बघायचं चाललंय. पण आत्यांच्या अभंगाचं वाचून थांबलो. मी स्वतः आमच्या भजनी मंडळात टाळ धरतो. वाचतोय.

सिडकोचा_सूर

दादा, २५ हजार आहेत तिथेच राहू द्या.

तुमची ओळ फाटली ती माईकच्या प्रीअँपला (माईकचा बारीक आवाज वाढवणारा भाग) नाहीतर कन्व्हर्टरला (आवाजाचे आकडे करणारा भाग), म्हणजे आवाज काँप्युटरात शिरायच्या आधीच. प्लगिन त्याच्या पुढे बसतो, तो फाटलेलं शिवू शकत नाही हे खरं, पण त्याला औषध म्हणून हार्डवेअर कॉम्प्रेसर लागत नाही, गेनचा (आवाज किती वाढवायचा त्याचा) नॉब खाली करावा लागतो एवढंच. २४ बिटला रेकॉर्ड करताय ना? १६ बिटला कागदावर साधारण ९६ डीबीची (डेसिबल, आवाजाचं माप) जागा मिळते, २४ बिटला १४४. एवढी जागा असताना लाल दिव्याला चिकटून रेकॉर्ड करायची गरजच नाही. आत्यांना सगळ्यात मोठी तान घ्यायला सांगा आणि ती उणे १० ते १२ डीबीला (० म्हणजे लाल दिवा) पोचेल असा गेन लावा, मग मंद्र उणे ३० ला आलं तरी येऊ द्या, नंतर उचलता येतं.

दुसरं म्हणजे हार्डवेअर घेतलात तरी लावणार कुठे? दोन इनपुटच्या बहुतेक इंटरफेसला इन्सर्ट नसतो. माईक आत गेला की प्रीअँप आणि लगेच कन्व्हर्टर, मधे बोट घालायला जागाच नाही. म्हणजे आधी वेगळा प्रीअँप घ्या, त्यातून कॉम्प्रेसर, तिथून लाईन इन. २५ हजारात यातलं एकही धड येणार नाही.

लोखंडी_नॉब

थोडं असहमत. सिडको म्हणतात ते तांत्रिकदृष्ट्या बरोबरच आहे पण हार्डवेअरला इतकं उडवून लावू नका.

माझ्याकडे जुना दोन चॅनलचा व्हीसीए (व्होल्टेजने आवाज कमीजास्त करणारा) कॉम्प्रेसर आहे, रॅकमधला, सेकंडहँड घेतलेला. पहिले सहा महिने त्याच्यावरच कान तयार झाला माझा, कारण समोर स्क्रीन नाही, रेषा नाहीत, फक्त नॉब आणि दिवे. गाणारा गात असतानाच ठरवायचं आणि ठरलं ते ठरलं. प्लगिनमध्ये रात्री दोन वाजेपर्यंत रेशो (किती पट दाबायचं ते) ३ करू की ३.५ करू हेच चालतं.

आणि ज्या डब्यांच्या नकला आपण प्लगिन म्हणून लावतो ते मुळात काय होते हे माहीत असावं. एलए-२ए मध्ये एक छोटी प्रकाश देणारी पट्टी आणि तिच्यासमोर प्रकाशाने बदलणारा रेझिस्टर. आवाज वाढला की पट्टी उजळते, रेझिस्टर बदलतो, लेव्हल खाली येते. सोडताना निम्मं पटकन सोडतो आणि उरलेलं काही सेकंद रेंगाळत, म्हणून गळ्यावर तो इतका गोड बसतो. नॉब दोनच. ११७६ हा १९६७ चा, बिल पुटनम यांनी काढलेला, एफईटीवर (एक प्रकारच्या ट्रान्झिस्टरवर) चालणारा. त्याचा अटॅक (आवाज वाढल्यावर किती वेळात दाबतो) २० मायक्रोसेकंदापासून ८०० मायक्रोसेकंदापर्यंत, म्हणजे सगळ्यात हळू लावला तरी एक मिलिसेकंदाच्या आत पकडतो. गंमत म्हणजे त्याचे अटॅक आणि रिलीजचे (किती वेळात सोडतो त्याचे) नॉब उलटे, उजवीकडे फिरवलं की जलद. हे माहीत नसल्याने कित्येक जण प्लगिनमध्ये उलटा लावून बसतात. फेअरचाइल्ड ६७० मध्ये तर २० व्हॉल्व्ह आणि वजन जवळपास ३० किलो. गळ्यासाठी अनेकजण आधी ११७६ ने टोकं कापतात आणि मग एलए-२ए ने सावकाश सपाट करतात, दोघांवर थोडं थोडं काम.

सिडकोचा_सूर

@लोखंडी_नॉब, कानाचं मान्य. पण वारी तोंडावर आलीये त्यांची, सहा महिने कान तयार करायला आहेत कुठे? आणि रेकॉर्ड करतानाच जास्त दाबलं गेलं तर ते परत उलगडता येत नाही. आत्यांची ती हाक एकदाच येते.

लोखंडी_नॉब

हे मात्र खरंय. हाक आधी.

अवंती_इंदिरानगर

मी व्हॉइसओव्हर आणि ऑडिओबुकचं काम घरून करते, त्यामुळे कॉम्प्रेसर रोजचाच.

मंद्रमध्यतार दादा, तुम्ही ऑटो मेकअप (दाबून कमी झालेला आवाज आपोआप परत उचलणं) चालू ठेवला होता का? कॉम्प्रेसर लावला की आवाज "छान" वाटतो तो बहुतेक वेळा नुसता मोठा झालेला असतो. मोठं ते कानाला चांगलंच वाटतं. मी पहिल्यांदा एक अख्खं पुस्तक असंच करून पाठवलं, मला वाटलं काय भरदार आवाज झालाय, तिकडून परत आलं की खोलीचा आवाज फार येतोय. ६ डीबी मेकअप म्हणजे पंखा, रस्ता, शेजारच्यांची मिक्सरची घरघर सगळंच ६ डीबी वर. त्या कामाचे निकष असे होते की सरासरी लेव्हल उणे २३ ते उणे १८ मध्ये, टोक उणे ३ च्या खाली आणि शांतता उणे ६० च्या खाली. शेवटच्या आकड्यावर आपटले. अकरा तासांचं रेकॉर्डिंग परत केलं, कपाटातल्या गोधड्या खिडकीला टांगून.

तेव्हापासून ऑटो मेकअप बंद. आधी कॉम्प्रेसर लावायचा, मग हाताने आउटपुट इतकाच उचलायचा की चालू-बंद केल्यावर मोठेपणा सारखा वाटेल, मग डोळे मिटून चालू-बंद करायचं आणि ठरवायचं कोणता बरा. निम्म्या वेळा बंदच बरा निघतो.

तुमची पेटी पुढे येते ती ह्याचमुळे. आत्या गातात तेव्हा कॉम्प्रेसर दाबून धरतो, त्या थांबल्या की सोडतो आणि मेकअपसकट पेटी वर उसळते.

खडूस_श्रोता

+१ अवंती. हल्ली गाणी ऐकवत नाहीत या मेकअपमुळे. आणि एवढं करून यूट्यूब, स्पॉटिफाय साधारण उणे १४ एलयूएफएसच्या (कानाला जाणवणाऱ्या मोठेपणाचं माप) आसपास आणून ठेवतात, म्हणजे तुम्ही दाबून मोठं केलेलं परत खाली, हाती राहिलं फक्त चेपलेलं.

जुना_टेप

मी रिटायर्ड माणूस, गंगापूर रोडला असतो. तीसएक वर्षं स्पूलवर आणि नंतर काँप्युटरवर गाणं रेकॉर्ड केलं. मराठी टाइप करायला वेळ लागतो म्हणून उशीर झाला.

मंद्रमध्यतार, तुमच्या आत्याबाईंचा माईक कुठे ठेवलाय ते तुम्ही लिहिलंच नाहीत. सगळं तिथे आहे. अंतर दुप्पट झालं की सरळ येणारा आवाज साधारण ६ डीबीने उतरतो. तोंडापासून माईक एक वीत असेल आणि तार सप्तकात गाताना त्या एक वीत मागे सरल्या तर ६ डीबीचं काम झालं, आणि ते असं झालं की कुठल्याही मशीनला जमणार नाही, कारण हाक येणार हे गाणाऱ्याला आधीच माहीत असतं, कॉम्प्रेसरला आल्यावर कळतं. जुने गवई हे आपोआप करायचे. पण आत्याबाई पेटीवर बसतात म्हणजे मागे सरकणार नाहीत. मग माईकच एक वीतीच्या ऐवजी दीड-दोन वीत लांब ठेवा. जवळ असताना दोन बोटं मान हलली तरी लेव्हल उड्या मारते, लांब असताना तीच दोन बोटं कळतही नाहीत. खोलीचा आवाज वाढेल, त्याला गोधड्या आहेतच.

आता पेटीचं. कार्डिऑइड माईक पाठीमागून सगळ्यात कमी ऐकतो. म्हणून माईक समोर सरळ उभा करू नका. पेटीच्या वरून, हनुवटीच्या उंचीला आणा आणि तोंडाकडे वर बघेल असा तिरका करा, म्हणजे त्याची पाठ पेटीच्या अंगाकडे येते. हेडफोन लावून तुम्ही स्वतः स्टँड इंच-इंच हलवत बसा आणि त्यांना नुसती पेटी वाजवू द्या. पेटी जिथे सगळ्यात बारीक ऐकू येईल तिथे पेच घट्ट करा. पॉप फिल्टर लावायला विसरू नका.

आणि एक हाताचं काम. आमच्याकडे लिमिटर (ठराविक पातळीच्या वर आवाज जाऊ न देणारा) होता, पण गाण्याचा चढउतार आम्ही फेडरवर (आवाजाच्या सरकत्या दांडीवर) बोट ठेवून सांभाळायचो. बंदिश आधी एकदा ऐकायची, कुठे चढणार ते कागदावर खूण करायची. तुम्हाला तर आता नंतर करायची सोय आहे. मंद्राच्या ओळी कापून ३-४ डीबी उचला, हाक २-३ डीबी खाली घ्या. हे आधी. कॉम्प्रेसर त्याच्यानंतर आणि चमचाभर.

सिडकोचा_सूर

काका 🙏 हे प्रिंट काढून भिंतीला लावणार.

त्यात रीपरपुरती एक भर: ट्रॅकचा फेडर प्लगिनच्या नंतर असतो. तो वरखाली करून कॉम्प्रेसरला काहीच कळत नाही. आयटमचा व्हॉल्यूम बदला नाहीतर प्री-एफएक्स व्हॉल्यूमचं एन्व्हलप (व्हॉल्यूम जागोजागी बदलायची रेष) उघडा, ते प्लगिनच्या आधी बसतं.

ढोलवाला_पंचवटी

आमचा प्रश्न वेगळा आहे पण इथेच विचारतो भो. आमच्या पथकाचा सराव मोबाईलवर रेकॉर्ड केला की ढोलाचा ठोका पडला रे पडला ताशा गायब, मग हळूहळू ताशा वर येतो, परत ठोका, परत गायब. समुद्रात बसून ऐकल्यासारखं. मोबाईल खराब आहे का?

लोखंडी_नॉब

मोबाईल ठणठणीत आहे. तो स्वतःच्या मनाने लेव्हल सांभाळतो, म्हणजे आत एक कॉम्प्रेसरच बसलाय आणि तो आपल्याला बंद करता येत नाही. नाशिक ढोलाच्या ठोक्यात खालची ताकद एवढी असते की तो तिच्याच मागे पळतो आणि ताशाला उगाच शिक्षा होते. याला पंपिंग म्हणतात. काही रेकॉर्डिंग ॲपमध्ये ऑटो गेन बंद करायची सोय असते, ती शोधा. नाहीतर आधी लांब जा, पथकापासून चांगलं २०-२५ पावलं.

आणि नंतर प्लगिनने करणार असाल तर डिटेक्टरला (आवाज मोजणाऱ्या भागाला) हायपास लावा, १०० ते १५० हर्ट्झच्या खालचं त्याला ऐकूच देऊ नका, म्हणजे थाप पडली तरी ताशा दबत नाही. अटॅक २०-३० मिलिसेकंद ठेवा. अटॅक एकदम जलद ठेवला तर टिपरूचा आवाज जातो आणि ढोल उशीवर मारल्यासारखा लागतो. तबल्यालाही हेच, चाटेची किनार जाऊ द्यायची नाही. रिलीज पण फार जलद नको. ५० हर्ट्झची एक लाट २० मिलिसेकंदांची असते, रिलीज त्याच्याही आत आणलात तर कॉम्प्रेसर प्रत्येक लाटेला वरखाली नाचतो आणि आवाज कुरकुरतो.

ढोलवाला_पंचवटी

टिपरूचा आवाज जातो, अगदी अगदी, हेच झालं होतं मागच्या व्हिडिओला. धन्यवाद दादा. ऑटो गेनचं बटण सापडलं, सेटिंगमध्ये पार तळाला होतं.

मंद्रमध्यतार

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री काकांनी सांगितल्याप्रमाणे माईक हलवत बसलो. आत्या तासभर नुसती पेटी वाजवत होती, एकदाही कुरकुर केली नाही. एका ठिकाणी पेटी अशी बाजूला सरकली की मी हेडफोन काढून बघितलं, वाजवायची थांबली की काय. थांबली नव्हती.

तीन शंका. एक, माझे सेटिंग काय होते ते सांगतो: थ्रेशोल्ड (याच्या वर गेलं की दाबायला सुरुवात) उणे २०, रेशो ४, अटॅक १ मिलिसेकंद, ऑटो मेकअप चालू. यात चूक नक्की कुठे? दोन, फुकटातलं कोणतं प्लगिन? तीन, दर पंधरावीस मिनिटांनी रेकॉर्डिंगमध्ये "टक्" असा आवाज येतोय, केबल बदलून झाली.

सिडकोचा_सूर

गणित मांडा. हाक उणे ८ ला येत असेल तर थ्रेशोल्डच्या १२ डीबी वर. रेशो ४ म्हणजे १२ चे ३ उरणार. बाहेर पडणार उणे १७, म्हणजे ९ डीबी दाबलं, तेही १ मिलिसेकंदात, शब्दाचं पहिलं व्यंजन तोंडातून निघायच्या आत. चेपणार नाही तर काय. हाताने लेव्हल केल्यावर रेशो २ ठेवा, थ्रेशोल्ड असा की मोठ्या ओळींना ३ डीबी, फार तर ४ डीबी सुई (किती दाबलं ते दाखवणारी) हलेल. अटॅक १५-२०, नी (दाबायला सुरुवात होते तिथलं वळण) मऊ. रिलीज अभंगाच्या लयीने, ६०००० भागिले लयीचे ठोके, म्हणजे मिनिटाला ८० ठोके असतील तर ७५० मिलिसेकंद. तेवढाच ठेवा असं नाही, तिथून सुरुवात करून कानाने कमी करत या. पेटीचा भाता आणि तुमची सुई एका श्वासाने चालल्यासारखी वाटली की थांबा.

प्लगिन: रीपरबरोबर येणारा रीआकॉम्पच पुरे, त्यातच डिटेक्टरचा हायपासही आहे. दुसरं काही हवंच असेल तर क्लांगहेल्मचा डीसी१ए, फुकट आहे आणि त्यात बघायला फारसं काही नाही, हाच त्याचा गुण. टीडीआर कोटेलनिकोव्हही फुकट, पण तो अख्ख्या मिक्सवर लावायला.

अवंती_इंदिरानगर

डीसी१ए ला माझं पण मत. "टक्"चं कळत नाहीये, मलाही यायचं जुन्या घरी.

द्राक्षबाग

टक् माझ्या खात्यातला आहे! फ्रीज. थर्मोस्टॅट फ्रीजचा कॉम्प्रेसर चालू-बंद करतो तेव्हा लाईनवर झटका बसतो, मोटर सुरू होताना करंट एकदम जास्त खेचते. स्टुडिओ आणि फ्रीज एकाच लाईनवर असतील तर तो झटका इंटरफेसपर्यंत येतो. घड्याळ लावून बघा, टक् झाल्याबरोबर स्वयंपाकघरात जाऊन कान द्या, गुरगुर सुरू नाहीतर बंद झालेली असेल. सॉकेटचं अर्थिंगही वायरमनकडून एकदा तपासून घ्या.

जुना_टेप

द्राक्षबाग, शाबास. रेकॉर्डिंगपुरता फ्रीज बंद ठेवा. आणि गाडीची किल्ली फ्रीजमध्ये ठेवा. बाहेरच्या रेकॉर्डिंगला आम्ही हेच करायचो, म्हणजे निघताना किल्ली शोधता शोधता फ्रीज चालू करायची आठवण राहते. नाहीतर दुसऱ्या दिवशी घरच्यांचं दूध नासतं.

खडूस_श्रोता

कॉम्प्रेसरच्या धाग्यावर शेवटी फ्रीजचा कॉम्प्रेसर निघाला 😂 द्राक्षबाग दादा बरोबरच ठिकाणी आले होते.

मंद्रमध्यतार

फ्रीजच होता!! काल पहाटे पाचला बसलो, थंडीमुळे पंख्याचा प्रश्नच नाही, रस्त्यावर एक रिक्षा नाही. फ्रीज बंद, किल्ली भाजीच्या कप्प्यात. आत्या शाल गुंडाळून बसली, मी म्हटलं पहिला अभंग नुसता गळा मोकळा करायला गा, आणि गुपचूप रेकॉर्ड चालू केलं. तोच टेक ठेवलाय. ती हाक परत आली, उणे ११ ला, स्वच्छ. मी खुर्चीतून हललो नाही, खुर्ची करकरेल म्हणून.

संध्याकाळी मंद्राच्या सात ओळी हाताने ३ डीबी उचलल्या, हाक २ खाली. रीआकॉम्प रेशो २, अटॅक १८, रिलीज ४००, सुई ३ पर्यंत. डोळे मिटून चालू-बंद केलं, या वेळी चालूच बरा वाटला. आत्याला हेडफोन दिले. ती पूर्ण अभंग ऐकून म्हणाली, "पेटीचा गंधार थोडा चढा लागतोय, पेटीवाल्याला दाखवायला हवी." आवाजाबद्दल एक शब्द नाही. तिला त्यात काही खटकलंच नाही.

२५ हजारांतून आधी पेटी दुरुस्त करून घेतोय. आता फक्त एक राहिलंय, "विष्णु", "संत" अशा शब्दांत शीळ जरा टोचते, कॉम्प्रेसर लावल्यावर जास्तच. डी-एसर (शीळ दाबणारं प्लगिन) आधी लावू की नंतर?

अवंती_इंदिरानगर

किती छान वाटलं वाचून. मी नंतर लावते, कारण कॉम्प्रेसर शीळ वर आणतोच, ती वर आल्यावर पकडायची. साधारण ५ ते ८ किलोहर्ट्झमध्ये शोधा, बायकांच्या आवाजात थोडं वरच्या बाजूला सापडते. पण पाच अभंगांत अशी शीळ असून असून किती असेल, वीस-पंचवीस ठिकाणी? तेवढी हाताने कापून प्रत्येकी ३-४ डीबी खाली घ्या, एका संध्याकाळचं काम आहे.

जुना_टेप

हातानेच करा. आणि पेटी दुरुस्त होऊन आली की माईकची जागा परत शोधावी लागेल, त्या जागी आत्ताच जमिनीवर चिकटपट्टीची खूण करून ठेवा, तिथून सुरुवात करता येईल.